खासगी पोहण्याची शिकवणी कशी निवडावी: मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी

खासगी शिकवणीत आपण जादा पैसे मोजतो ते एकाच गोष्टीसाठी. पाण्यात असलेला सगळा वेळ शिकवणाऱ्याचं लक्ष एकट्या आपल्यावर किंवा आपल्या मुलावर असतं. गटात आठ-दहा मुलं असली की अर्ध्या तासातला बराच वेळ कठडा धरून आपली पाळी यायची वाट बघण्यात जातो, आणि घाबरलेलं मूल रांगेत मागे मागे सरकत राहतं. खासगीत हे टळतं. पण ते लक्ष नेमकं कशाकडे दिलं जातं, यावर सगळं अवलंबून आहे. पुष्कळ ठिकाणी पहिल्या दिवसापासून हात मारणं, पाय मारणं सुरू होतं आणि थोड्याच दिवसांत मूल तलावाची रुंदी पार करून दाखवतं. आईवडील खूश होतात. तेच मूल पाय टेकत नाहीत अशा पाण्यात अचानक पडलं, तर उताणं होऊन श्वास घेऊ शकेल का, हे मात्र कुणी तपासलेलं नसतं.

म्हणून शिकवणी शोधताना एक क्रम मनाशी पक्का ठेवा. आधी श्वास, मग तरंगणं, मग आपलं आपण कडेला परतणं, आणि त्यानंतर शैली. हा क्रम पाळणारा माणूस मिळाला तर तलाव थोडा लांब असला तरी चालेल. तो न पाळणारा माणूस घराशेजारच्या झकपक तलावावर असला तरी नको.

पायरी १: कशासाठी शिकायचं ते एका वाक्यात लिहा

‘पोहायला शिकायचंय’ एवढंच सांगितलं तर प्रशिक्षक स्वतःच्या सवयीप्रमाणे शिकवणार. ‘सहा वर्षांच्या मुलीला खोल पाण्याची भीती वाटते, तिला एकटीने कडेला येता यावं’ हे एक उद्दिष्ट झालं. ‘गुडघ्यामुळे चालण्याचा व्यायाम बंद झालाय, अर्धा तास सलग पोहता यावं’ हे दुसरं. ‘फ्रीस्टाइल येतं, पण दोन फेऱ्यांत दम लागतो’ हे तिसरं. या तिघांना तीन वेगळी माणसं लागू शकतात. पहिल्या मुलीला धीर देणारं कुणीतरी हवं, तर तिसऱ्याला मानेची आणि श्वासाची बारीक चूक पकडणारी नजर हवी.

काहीच ठरत नसेल तर अमेरिकन रेड क्रॉसची कसोटी डोळ्यांसमोर ठेवा. तिच्यात पाच गोष्टी आहेत: डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोलीत उतरणं किंवा उडी मारणं, वर येऊन एक मिनिट तरंगणं किंवा जागच्या जागी पाय मारत डोकं वर ठेवणं, गोल वळून बाहेर पडायची जागा शोधणं, तिथपर्यंत २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर पोहत जाणं, आणि शिडीचा आधार न घेता पाण्याबाहेर येणं. कोणत्या शैलीत पोहायचं हे या कसोटीत कुठेच म्हटलेलं नाही. मूल असो वा साठीचे आजोबा, या पाच गोष्टी सलग जमल्या की पाण्यात स्वतःला सांभाळण्याइतकं पोहणं आलं असं म्हणता येतं. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पोहण्याच्या डिप्लोमा परीक्षेत कपडे घालूनही पोहून दाखवावं लागतं, कारण पाण्यात चुकून पडणारं मूल सहसा स्विमसूटमध्ये नसतं. चांगला प्रशिक्षक शिकवणीच्या शेवटी शेवटी असा एखादा क्लास आपणहून ठेवतो. तुमचा ठेवत नसेल तर मागून घ्या.

पायरी २: वय आणि तब्येत बघा

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार बऱ्याच मुलांना वयाच्या पहिल्या वर्षानंतर पोहण्याचे धडे देता येतात, आणि चार वर्षांची झाल्यावर बहुतेक मुलं ते नीट शिकण्याइतकी तयार असतात. वर्षाच्या आतल्या बाळाला पाण्यात घेऊन खेळणं छान असतं, पण त्यामुळे बुडण्याचा धोका कमी होतो याला पुरावा नाही. ‘सहा महिन्यांच्या बाळाला स्वतःला वाचवायला शिकवतो’ असं कुणी सांगत असेल तर तिथे पैसे घालवू नका.

एक ते चार वर्षांच्या मुलांबाबत २००९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रीतसर धडे घेतलेल्या या वयाच्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी असल्याचं त्यात दिसलं. हा आकडा जाहिरातींत वापरायला फार सोपा आहे. पण अभ्यासातली मुलं थोडी होती, त्यामुळे खरा परिणाम ३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, असं त्याच अभ्यासाचं गणित सांगतं. म्हणजे धड्यांचा उपयोग होतो, पण पोहायला येणाऱ्या मुलालाही पाण्याजवळ एकटं सोडता येत नाही. लहान मूल पाण्यात असताना मोठा माणूस हात पुढे केला की त्याला धरता येईल इतक्या अंतरावर हवा. मग शिकवणीचा कितवाही महिना असो.

या वयाच्या मुलांच्या क्लासमध्ये आई किंवा बाबा पाण्यात सोबत असतील तर उत्तम. तो क्लास अर्ध्या तासाहून मोठा नको. मूल थकलं, कुडकुडायला लागलं की पुढच्या दहा मिनिटांत ते काही शिकत नाही, उलट पाण्याचा तिटकारा शिकतं.

मोठ्यांना वयाची मर्यादा नाही. तब्येतीची माहिती मात्र लपवू नका. फिट येत असतील, हृदयविकार असेल, दमा असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग प्रशिक्षकालाही सांगा. फिट येणाऱ्या व्यक्तीबद्दल तिथल्या जीवरक्षकालाही ठाऊक असायला हवं. दम्याचा इन्हेलर पिशवीच्या तळाशी न ठेवता तलावाच्या काठावर ठेवा.

पायरी ३: एकट्याची शिकवणी खरंच हवी का?

पाण्याची भीती बसलेली असेल, मूल स्वमग्न असेल किंवा त्याला गोंगाटाचा त्रास होत असेल, शरीराच्या एखाद्या भागाची हालचाल मर्यादित असेल, मोठ्या वयात लोकांसमोर शिकायचा संकोच वाटत असेल, किंवा वर्षानुवर्षं एकाच चुकीवर गाडी अडली असेल, तर एकट्याची शिकवणी घ्याच. पण ज्या मुलाला तोंड पाण्यात घालायची भीती नाही आणि जे इतर मुलं करतात ते बघून पटकन शिकतं, त्याला गट बरा. बरोबरीचं पोर उडी मारतंय हे बघून ते जे शिकेल ते प्रशिक्षकाच्या दहा वेळा सांगण्याने येणार नाही.

मधला मार्गही आहे, आणि मला तो बहुतेक घरांसाठी योग्य वाटतो. सुरुवातीचे आठ-दहा क्लास एकट्याने घ्यायचे, श्वास आणि तरंगणं पक्कं करायचं, आणि मग लहान गटात जायचं. दोघा भावंडांनी मिळून शिकायचं असेल तर दोघांची पातळी सारखी आहे का ते बघा. एक घाबरणारं आणि एक उड्या मारणारं असेल तर प्रशिक्षकाची नजर सतत दुसऱ्याकडे जाते आणि पहिलं कठड्यालाच चिकटून राहतं.

पायरी ४: माणूस पारखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिली गोष्ट म्हणजे उत्तम पोहणारा माणूस उत्तम शिकवेलच असं नाही. लहानपणापासून पोहत आलेल्याला न पोहता येणं म्हणजे काय असतं हे आठवतही नसतं. नाकात पाणी गेल्यावर कानशिलं ठणकतात, पायाखालची जमीन गेली की हात आपोआप वर जातात, हे त्याने शिकवता शिकवता पाहिलेलं असावं लागतं. म्हणून पदकांची यादी ऐकून घ्या, पण विचारा ते असं: तुमच्याकडे माझ्या मुलाच्या वयाचे, किंवा माझ्या वयाचे, किती जण अगदी शून्यातून शिकले? त्यांच्यापैकी एक-दोघांशी बोलता येईल का?

कागदपत्रांत तीन गोष्टी बघा. पोहायला शिकवण्याचं प्रमाणपत्र, पाण्यातून माणूस वाचवण्याचं प्रशिक्षण, आणि सीपीआरचं, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याच्या उपचाराचं प्रमाणपत्र. शेवटच्या दोन्हींची मुदत संपते आणि ती नव्याने घ्यावी लागतात, त्यामुळे तारीख वाचा. मुलांना शिकवणाऱ्याची पार्श्वभूमी संस्थेने तपासली आहे का, हेही थेट विचारा. असा प्रश्न विचारल्याचा राग येणारा माणूस नको.

मुलांच्या बाबतीत आणखी काही अटी घालायला अजिबात संकोचू नका. क्लास चालू असताना तुम्हाला सगळं दिसेल अशा जागी बसता आलं पाहिजे. ‘आईवडील समोर असले की मूल रडतं’ हे काही वेळा खरं असतं, तेव्हा तुम्ही जरा लांब, मुलाच्या नजरेआड बसा. पण तुमच्या नजरेतून मूल जाता कामा नये. कपडे बदलायला प्रशिक्षक मुलाबरोबर जाणार नाही. शिकवताना कुठे धरावं लागेल, म्हणजे पाठीखाली, काखेत, डोक्यामागे, हे तो आधी सांगेल. फोटो किंवा व्हिडिओ तुम्हाला विचारल्याशिवाय काढणार नाही. मोठ्यांनाही हेच लागू आहे. स्त्री प्रशिक्षकच हवी असेल तर तसं सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं.

आता एक प्रश्न सगळ्यांना विचारा: ‘माझं मूल पाण्यात तोंड घालायला तयार नाही. पहिल्या तीन क्लासमध्ये तुम्ही काय कराल?’ या उत्तरातून माणूस कळतो. ‘एकदा पाण्यात ढकललं की भीती जाते’ असं म्हणणाऱ्याचे आभार मानून निघा. ढकललेलं मूल पोहायला शिकेलही कदाचित, पण शिकवणाऱ्यावरचा त्याचा विश्वास तिथेच संपतो, आणि पाण्यात विश्वासाशिवाय अंग सैल पडत नाही. अंग ताठ असलं की पाय खाली जातात. चांगलं उत्तर लहान लहान पायऱ्यांचं असतं. पायरीवर बसून पाण्यात फुंकर मारणं, मग ओठ बुडवून बुडबुडे काढणं, खांद्यावर आणि मग डोक्यावर मगाने पाणी घेणं, तळाची वस्तू बघायला डोळे पाण्याखाली नेणं. एखादा असंही म्हणेल की पहिल्या क्लासमध्ये मी फक्त ओळख करून घेईन. तो वेळ वाया गेला असं समजू नका.

शिकाऊ माणसाबरोबर प्रशिक्षक स्वतः पाण्यात उतरलेला हवा, आणि हाताच्या अंतरावर हवा. काठावर उभं राहून काठीने दाखवणं ज्याला पोहता येतं त्याच्यासाठी ठीक आहे. खोलीची भीती असलेल्यासाठी नाही. यावर तडजोड करू नका.

काही गोष्टी ऐकल्या की तिथेच थांबा. ‘दहा दिवसांत पोहायला शिकवण्याची हमी’ ही त्यातली एक, कारण भीती जायला किती दिवस लागतील हे कुणालाही आधी सांगता येत नाही. दुसरी, श्वास रोखण्याच्या स्पर्धा. भराभर खोल श्वास घेऊन मग पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ राहायचं, हा खेळ जीवघेणा आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. भराभर श्वास घेतल्याने तो कमी होतो, त्यामुळे इशारा मिळायच्या आधीच मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि उथळ पाण्यातही, चांगला पोहणारा माणूससुद्धा शुद्ध हरपून तळाला जातो. जो प्रशिक्षक मुलांना असे खेळ खेळू देतो त्याला पाण्याचं शास्त्र कळलेलं नाही.

पायरी ५: तलाव बघून या

क्लासच्याच वेळी जा. सकाळी शांत असलेला तलाव संध्याकाळी ओळखू येत नाही, आणि गोंगाटात लहान मुलाला प्रशिक्षकाचं बोलणं ऐकू येत नाही.

काठावर उभं राहून तळ बघा. सगळ्यात खोल जागेची, पाणी ओढून घेणाऱ्या तोंडावरची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर तळाशी गेलेलं माणूसही दिसणार नाही. ती जाळी तुटलेली किंवा ढिली असेल तर त्या तलावात मुलाला उतरवू नका. पाणी ओढणाऱ्या त्या तोंडात केस किंवा कपडा अडकून अपघात होतात. पाण्याला झोंबणारा उग्र वास येत असेल तर ‘क्लोरीन भरपूर आहे, म्हणजे पाणी स्वच्छ आहे’ असं समजू नका. तो वास बहुतेकदा क्लोरीन आणि घाम-लघवी यांच्या संयोगातून बनणाऱ्या क्लोरामाइनचा असतो, आणि त्यानेच डोळे लाल होतात. पाण्याची नोंदवही मागता येते. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) ७.० ते ७.८ च्या दरम्यान आणि मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) असावं, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं मार्गदर्शन आहे. तुमच्याकडूनही एक गोष्ट पाळा. मुलाला जुलाब होत असतील तर क्लास बुडाला तरी चालेल, त्याला पाण्यात नेऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त जगतो.

पाण्याच्या तापमानाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण त्याने फार फरक पडतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट जास्त सहजपणे उष्णता वाहून नेतं, त्यामुळे बारीक अंगाचं मूल झपाट्याने गार पडतं. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश सेल्सियस ठेवतात. जोरात पोहणाऱ्याला ते बरं वाटतं, पण एका जागी थांबून तरंगायला शिकणाऱ्या लहान मुलाला ३० अंशांच्या पुढचं पाणी लागतं. तलाव गार असेल आणि दुसरा पर्याय नसेल तर क्लास लहान ठेवा आणि मुलाला अंगाला घट्ट बसणारा थर्मल सूट घाला.

शिकवणाऱ्याखेरीज काठावर वेगळा जीवरक्षक हवा. प्रशिक्षकाची पाठ ज्या बाजूला असते तिथे बघणारं कुणीतरी हवं. घरच्या किंवा इमारतीच्या तलावावर प्रशिक्षक बोलावत असाल तर जीवरक्षक नसतो हे आधी लक्षात घ्या. तिथे पोहता येणारा दुसरा मोठा माणूस क्लासभर काठावर बसलेला, फोन हातात नव्हे तर जवळ ठेवलेला, आणि फेकायची रिंग किंवा लांब काठी हाताशी, एवढी तयारी असल्याशिवाय क्लास सुरू करू नका.

पायरी ६: एक चाचणी क्लास घ्या

पूर्ण पॅकेजचे पैसे भरण्याआधी एक क्लास घ्या, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी चालेल. काठावर बसून पुढच्या गोष्टी बघा:

- अर्ध्या तासातला किती वेळ मूल खरंच काहीतरी करत होतं आणि किती वेळ ऐकत उभं होतं?
- सूचना छोटी आणि एकावेळी एकच होती का, की हात, पाय, मान, श्वास सगळं एकाच दमात?
- मूल ‘नको’ म्हणालं तेव्हा प्रशिक्षकाने काय केलं? सोपी पायरी दिली, दटावलं, की सोडून दिलं?
- त्याचे डोळे कुठे होते? फोन, काठावरचे मित्र, शेजारचा क्लास, की विद्यार्थी?
- फ्लोट किंवा आर्मबँड सतत अंगावर होते, की मध्ये मध्ये काढून नुसत्या पाण्याची सवय दिली?

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त. हवा भरलेले आर्मबँड मुलाला पाण्यात उभं धरतात. पोहायला आडवं व्हावं लागतं. महिनोन्‌महिने आर्मबँडवर राहिलेल्या मुलाला ती उभी सवय मोडायला वेळ लागतो. त्याहून वाईट म्हणजे आपण तरंगतो असं त्याला वाटू लागतं आणि एक दिवस ते बिनाआर्मबँडचं पाण्यात उतरतं. किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी), पूल नूडल (फोमची लांब नळी) ही साधनं बरी, कारण ती धरायची आणि सोडायची असतात. आर्मबँड जीव वाचवणारं साधन नाही, होडीत बसताना लागतं ते लाइफ जॅकेट वेगळं.

क्लास संपल्यावर मुलाला ‘मजा आली का?’ असं विचारून फारसं काही कळत नाही. ‘आज काय काय केलंस ते मला दाखव’ म्हणा. तुम्ही स्वतः शिकत असाल तर बाहेर आल्यावर स्वतःला विचारा, की आता एकट्याने आलो तर कुठल्या दोन गोष्टींचा सराव करायचा हे मला माहीत आहे का? माहीत नसेल तर तो क्लास नीट झाला नाही.

पायरी ७: पैशांचं आणि वेळेचं लेखी ठरवा

थोडक्यात सांगायचं तर लहान पॅकेजने सुरुवात करा. प्रवेशशुल्क फीमध्ये धरलं आहे की वेगळं, क्लास रद्द झाला तर बदली क्लास मिळतो का, प्रशिक्षक आजारी पडला तर दुसरा कोण येणार, मध्येच थांबवलं तर किती पैसे परत मिळतात, अपघाताचा विमा आहे का, हे मेसेजवर का होईना, लिहून घ्या. घाबरणाऱ्या मुलाला दर वेळी नवा माणूस देणारी संस्था टाळा.

आठवड्यातून एकदा येणारा क्लास सगळ्यात सोयीचा वाटतो, पण त्यात सात दिवसांत अंग बरंच विसरतं. सुरुवातीचे काही आठवडे दोन-तीन क्लास आणि मध्ये एखादा दिवस स्वतःचा सराव, असं जमलं तर कमी पैशांत जास्त प्रगती होते.

सामान मोजकंच घ्या: घट्ट बसणारे गॉगल, टोपी, आणि पाण्यात उठून दिसेल अशा रंगाचा स्विमसूट. केशरी, पिवळा, गडद गुलाबी बरा. फिकट निळा आणि पांढरा पाण्यात दिसेनासा होतो. चश्म्याचा नंबर जास्त असेल तर नंबरचे गॉगल मिळतात. काठ दिसला की निम्मी भीती जाते.

मोठ्यांनी शिकताना

मोठ्या माणसाच्या डोक्यात पाण्याबद्दल आधीच पुष्कळ काही साठलेलं असतं, म्हणून क्रम इथे आणखी काटेकोर हवा. पहिल्या क्लासमध्ये शिकायची गोष्ट म्हणजे तरंगत्या अवस्थेतून पायांवर उभं राहणं. पालथं असताना गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचं, डोकं उचलायचं आणि पाय टेकवायचे. उताणं असतानाही हेच, फक्त हनुवटी छातीकडे आणायची. हे जमलं की ‘आता उठता आलं नाही तर?’ हा प्रश्न मिटतो. बऱ्याच जणांच्या भीतीचं मूळ इथेच असतं, आणि हे न शिकवता थेट पाय मारायला लावणारे प्रशिक्षक पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट उच्छ्वासाची. नवशिका पाण्याखाली श्वास कोंडून धरतो, वर आल्यावर घाईघाईत सोडतो आणि त्याच क्षणी घ्यायलाही बघतो. दोन्हीसाठी वेळ पुरत नाही, म्हणून दम लागतो. नाका-तोंडाने पाण्यातच संथपणे हवा सोडत राहायचं आणि वर आल्यावर फक्त तोंडाने आत घ्यायची. दोन फेऱ्यांत दमणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न ताकदीचा नसतो, तो इथला असतो.

पाय बुडतात म्हणून खचू नका. छातीत हवा असते आणि पाय त्या मानाने जड असतात, त्यामुळे सडपातळ, पिळदार अंगाच्या माणसाचे पाय खाली जाणारच. डोकं वर उचललं तर ते आणखी खाली जातात. मान सैल, कान पाण्यात, हात डोक्याच्या वर ताणलेले, एवढं केलं की शरीर बरंच आडवं येतं. तुमचा प्रशिक्षक हे ‘का’ समजावून सांगत असेल तर त्याला धरून ठेवा. मोठी माणसं कारण कळलं की लवकर शिकतात.

प्रशिक्षक कधी बदलायचा, शिकवणी कधी थांबवायची

प्रगती सरळ रेषेत होत नाही. खंड पडला, ताप येऊन गेला, तलाव बदलला की मूल दोन पायऱ्या मागे जातं आणि पुन्हा पुढे येतं. त्यावरून प्रशिक्षक बदलू नका. पण सहा-सात क्लासनंतरही मूल क्लासच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणत असेल, काय शिकवलं हे प्रशिक्षकालाच सांगता येत नसेल, किंवा पाण्यात असताना त्याची नजर इतरत्र गेलेली तुम्ही पुन्हा पुन्हा पाहिली असेल, तर बदला. यातलं तिसरं कारण एकटंही पुरेसं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले, आणि त्यांतला दर चौथा जीव पाच वर्षांखालच्या मुलाचा होता. बुडणारं माणूस सहसा ओरडत नाही की हात हलवत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असतं, श्वास घेण्यातच सगळी शक्ती जाते, आणि हे सगळं मिनिटाभराच्या आत संपू शकतं. ज्याची नजर फोनवर आहे त्याला ते दिसणार नाही.

शिकवणी थांबवण्याची वेळ ओळखायला सुरुवातीच्या पाच गोष्टी पुन्हा घ्या आणि त्या नेहमीच्या तलावावर नव्हे, अनोळखी तलावावर, जीवरक्षक आणि प्रशिक्षक दोघं हजर असताना करून बघा. नेहमीच्या तलावात मुलाला कुठली फरशी कुठे आहे, पाय कुठे टेकतात हे पाठ असतं, तिथली परीक्षा खरी नसते. पाचही जमल्या तर एकट्याची शिकवणी बंद करून गटात किंवा नियमित सरावाला जा. एखादी अडली तर तेवढ्याच गोष्टीसाठी आणखी तीन-चार क्लास मागा आणि प्रशिक्षकाला नेमकं सांगा, ‘हिला शिडीशिवाय बाहेर येता येत नाही, फक्त त्यावर काम करू या.’ आणि नदी, तळं किंवा समुद्रात उतरायचा बेत असेल तर त्यासाठी वेगळे क्लास घ्या. तिथे तळ दिसत नाही, पाणी गार असतं, ओढ असते, धरायला कठडा नसतो, आणि तलावात शंभर मीटर पोहणाऱ्यालाही हे सगळं नव्याने शिकावं लागतं.